काकासाहेब गोष्टीत उतरेनात

जॉय भिंगारदिवेच्या दोन्ही किडन्या सव्विसाव्या वर्षी गेल्या. तोवर तो पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांना जमवून गोष्टीचा खेळ खेळवत होता. आजार निघाल्यावर नोकरी सुटली, खोली सुटली, आणि तो नगरला आईकडे परत आला. मित्रांनी दोनेक महिने मोबाईलवरून खेळ चालू ठेवला. मग एकाचं लग्न निघालं, दुसऱ्याची बदली झाली, आणि कुणी काही न बोलता तो थांबला.

आता त्याचा आठवडा तीन दिवसांचा होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुपारी बारा ते चार. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरचा डायलिसिसचा हॉल, खिडकीकडच्या चार खाटा आणि चार ठरलेली माणसं. पहिल्या खाटेवर काकासाहेब औटी, पारनेरच्या पुढच्या एका गावचे, साठीला टेकलेले, जन्मभर विहिरी खोदायच्या कामावर मुकादम असलेले. दुसऱ्यावर जॉय. तिसऱ्यावर शिफा शेख, औषधशास्त्र शिकणारी बावीस वर्षांची मुलगी. चौथ्यावर मेहताबचाचा, ज्यांनी तीस वर्षं नगर-सोलापूर रस्त्यावर टेम्पो चालवला. डावा हात सुया टोचून मशीनला बांधलेला, उजवा मोकळा. सहा-सात महिने ही चौघं एकमेकांशी हवापाण्यापलीकडे काही बोलली नव्हती.

एके दिवशी जॉयच्या पिशवीतून एक फासा घरंगळत शिफाच्या खाटेखाली गेला. क्रिस्टीना सिस्टरने तो उचलून दिला. शिफा म्हणाली, "याला इतक्या बाजू कशाला?"

"वीस आहेत," जॉय म्हणाला, आणि मग त्याला सगळं सांगावं लागलं. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे नुसते ऐकत नाहीत. प्रत्येकाचं त्या गोष्टीत एक माणूस असतं, आणि ते माणूस काय करणार हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर फसलं.

"आन् जितलं कोन?" काकासाहेबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"कुणी जिंकत नाही, काका. गोष्ट पुढे जाते."

"मंग बरंय. चार तास जायला पायजेत."

अशी सुरुवात झाली. सिस्टरने फासे स्पिरिटने पुसून घ्यायची अट घातली आणि वर स्टीलचा एक ट्रे दिला. शिफाने आपलं माणूस घेतलं ते झाडपाला ओळखणारी हकिमाची मुलगी. मेहताबचाचांनी बैलगाडीवाला घेतला. काकासाहेब म्हणाले, "माझा गडी विहिरी खोदतो."

"नाव काय त्याचं?"

"गडीच म्हन. पन येक हाय, मास्तर. तो खोदून घेतो, सवता विहिरीत उतरत न्हाई. वरनं सांगतो."

गोष्ट सांगतो म्हणून ते जॉयला मास्तर म्हणू लागले होते. जॉयने कागदावर लिहून घेतलं : उतरत नाही. का, ते त्याने विचारलं नाही.

गोष्ट त्याने मोठी रचली होती. घरी दोन वह्या भरल्या होत्या. सातपिंपळ नावाचा मुलूख. त्यातल्या नद्या एकेक करून आटत चालल्यात, कारण जमिनीखाली कुणीतरी आहे, जे सगळं पाणी आत ओढून घेतंय. खाली भुयारं आहेत, बुडालेली शहरं आहेत, शेवटी एक आंधळी राणी आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचून तिला जाब विचारायचा आहे. पुण्यातले मित्र असते तर पहिल्याच दिवशी तलवारी घेऊन निघाले असते.

ही तिघं निघेनात.

राजाचा दूत खलिता घेऊन आला तर काकासाहेबांचा गडी म्हणाला, "राजाला म्हनावं, सवड झाली की येतो." मेहताबचाचांनी बैलगाडी विकून वेशीजवळ हॉटेल टाकलं. शिफा त्याच्या मागच्या बाजूला झाडं लावत बसली. जॉयने दरोडेखोर आणून हॉटेल पेटवलं. गावाने मिळून ते पुन्हा उभं केलं, पहिल्यापेक्षा ऐसपैस. भुयाराचा नकाशा एका म्हाताऱ्याच्या हाती दिला, तर चाचांनी म्हाताऱ्याला जेवू घातलं आणि नकाशाने चूल पेटवली.

"चाचा, अहो तो नकाशा होता."

"मालूम है, बेटा. पण बाहेर पाऊस चालू होता ना? तूच सांगितलंस. लाकडं ओली होती."

शनिवारमागून शनिवार गेले. जॉय घरी जाऊन नवी आमिषं रचायचा आणि हॉलमध्ये आल्यावर ती तशीच पडून राहायची. खजिना झाला, शाप झाला, गावात साथ आली. साथीला शिफाने काढा करून पाजला आणि माणसं बरी झाली. जॉयला आता आतून राग यायला लागला होता. आपल्या हातात उरलेली ही एकच गोष्ट, आणि तीही कुणाला नको आहे, असं त्याला वाटायचं.

ही माणसं गावातून का हलत नाहीत याचं उत्तर त्याला एका गुरुवारी मिळालं होतं, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी त्याने नेहमीसारखं विचारलं, "चाचा, सकाळ झाली. तुमचा माणूस काय करतो?"

"उठतो. विहिरीवर जातो. बादली वर काढतो. तोंड लावून पितो."

"किती?"

"सगळी."

हॉलमध्ये मशीनची घरघर तेवढी राहिली. चौघांनाही दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलेलं होतं, आणि त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोटही आला. थोड्या वेळाने काकासाहेब म्हणाले, "माझ्या गड्यालाबी दे येक बादली." शिफा म्हणाली, तिच्या झाडाला संत्री लागलीत, ती सहा खाते. पोटॅशियममुळे संत्री तिला दोन वर्षं बंद होती.

जॉयने हे सगळं ऐकलं आणि वहीत लिहिलं : अजून गावातच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या आईने जेवताना एक गोष्ट सांगितली. दयाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. जॉय आत मशीनवर असला की त्या बाहेरच्या बाकावर बसत, आणि शेजारी काकासाहेबांच्या घरच्या, काकू, बसत. "बिचाऱ्यांचा धाकटा भाऊ विहिरीत गेला," आई म्हणाली. "वैजनाथ नाव. सुरुंग उडाला म्हणे, तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून काकासाहेब विहिरीत उतरले नाहीत. झोपेत अजून दचकतात."

जॉयला कागदावरचं ते 'उतरत नाही' आठवलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या पाठोपाठ, ताटावरून उठायच्या आत, त्याच्या मनात दुसराही विचार आला. सापडलं, असा तो विचार होता.

मंगळवारी सुया लागल्यावर, मशीन चालू झाल्यावर, त्याने आवाज खाली आणून सुरुवात केली. गावाबाहेर एक जुनी विहीर आहे. कुणी तिकडे फिरकत नाही. काल गुराख्याने ऐकलं, आतून माणसाचा आवाज येतो.

"कुणाचा?" शिफाने विचारलं.

जॉय काकासाहेबांकडे वळला. "तुमच्या गड्याच्या धाकट्या भावाचा. तो खालून हाका मारतोय. म्हणतोय, 'दादा, मी खाली आहे. उतर.'"

काकासाहेबांनी जॉयकडे बघितलं, आणि ते बघणं जॉयला पुढे कितीतरी दिवस पुरलं. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, डोळे वर गेले, आणि त्यांच्या मशीनने किंचाळायला सुरुवात केली. क्रिस्टीना सिस्टर धावत आली. बीपी पडलं होतं. तिने खाट डोक्याकडून खाली केली, सलाईन सोडलं, गालावर थापट्या मारल्या. डायलिसिसमध्ये असं होतं, चौघांचंही कधी ना कधी झालं होतं. दहा मिनिटांत काकासाहेब शुद्धीवर आले. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे उजव्या हाताने दोन खाटांमधला पडदा ओढून घेतला.

"तू काय केलंस, जॉयभैया?" शिफाने हळू विचारलं.

जॉयने सांगितलं. आपल्याला काय कळलं होतं आणि कसं, सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"आम्ही गावातून हलत नाही याचा तुला राग येतो ना?" ती म्हणाली. "अरे, तिथे आम्ही पाणी पितो. तुझ्या त्या भुयारात काय आहे आमच्यासाठी? इतके महिने सांगतोयस, एकदा तरी विचारलंस आम्हाला, कुठे जायचंय म्हणून?"

घरी आईनेही ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. "ते मी तुला जेवताना सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. "खेळायला नव्हतं दिलं."

गुरुवारी काकासाहेब आले ते दाराजवळच्या खाटेवर झोपले. सिस्टरला सांगून त्यांनी जागा बदलून घेतली होती. जॉय मशीनला बांधलेला, उठून जाता येईना. चार वाजता त्याच्या सुया निघेपर्यंत काकासाहेब निघून गेले होते. शनिवारी ते आलेच नाहीत. सिस्टरने फोन लावला, तो बंद लागला. खेळ झाला नाही. ट्रे कोपऱ्यात तसाच होता. चाचा म्हणाले, "गुरुवारनंतर थेट मंगळवार म्हणजे पाच दिवस. पाच दिवस नहीं निकलते, बेटा."

रविवारी चर्चमधल्या उपासनेला न जाता जॉय माळीवाड्याच्या स्टँडवर गेला आणि पारनेरची एसटी धरली. पुढचे सात-आठ किलोमीटर एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर गेले. पाण्याची बाटली त्याने मुद्दाम लहान घेतली होती. ऊन असं होतं की ती बाटली त्याला पिशवीतसुद्धा जाणवत होती.

काकासाहेब घरापुढच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. बोलताना दोन शब्दांत एकदा दम घ्यावा लागत होता. काकू दारात उभ्या होत्या, डोळे रडून लाल.

"मास्तर," काकासाहेब म्हणाले. "हितं कुटं?"

"माफी मागायला आलो, काका." जॉय खाली पायरीवर बसला. वाटेत त्याने पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आता कामाचं वाटेना. "तुमच्या भावाचं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते गोष्टीत घातलं. तुम्ही खाली उतरावं म्हणून."

"काय ठावं व्हतं तुला?"

"विहिरीत सुरुंग उडाला, एवढंच."

"तेवडंच समद्यास्नी ठावं हाय." काकासाहेबांनी काकूंकडे बघितलं. "च्या ठिव जा."

काकू आत गेल्या. चहा दोघांनाही चालणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

मग काकासाहेब समोरच्या रानाकडे बघत सांगू लागले, थांबत थांबत.

"सात भरले व्हते. वाती लावल्या, वर आलो, लांब जाऊन बसलो. मोजायचं काम माझं. मुकादमच मोजतो. येक, दोन, तीन... सा झाले. शेजारच्या रानात मळणी चालू व्हती, यंत्राचा आवाज. सातवा झाला का न्हाई, मला कळंना. झाल्यागत वाटलं. अर्दा तास थांबायचं आसतं, शंका आली की. दिस कलला व्हता. वैजनाथनं इचारलं, 'दादा, झालं का?' म्या म्हनलं, 'झालं. उतर.'"

जॉय खाली मान घालून ऐकत होता.

"तुज्या गोष्टीत तो मला 'उतर' म्हनला," काकासाहेब म्हणाले. "तसं न्हाई रं. उतर म्या म्हनलं व्हतं."

आत कपबशीचा आवाज झाला आणि थांबला.

"मंग पोलीस आलं, गाव आलं. म्या सांगितलं, सात भरले, सात उडाले, म्या मोजले. आठवा त्यानं मला न सांगता भरला आसंल, मला ठावं न्हाई. म्हंजी चूक त्याची. मेलेला मानूस बोलतोय व्हय? त्याची बायकू पोराला घिऊन माहेरी गेली, मिरजगावच्या अंगाला. कल्याण दोन वरसाचा व्हता. त्यो तेच ऐकत मोठा झाला. बाप बेफिकीर व्हता म्हनून मेला."

ते थांबले. दम लागला होता.

"खाटंवर पडलं, मशीन घरघर कराया लागलं, की मला मळणी ऐकू येती. म्हनून आता न्हाई यायचं ठरवलंय."

धीर देणारी वाक्यं जॉयला आजारात इतक्या लोकांनी सांगितली होती की त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघेना. त्याला एवढंच दिसत होतं की समोरच्या माणसाच्या छातीत पाणी चढलंय.

"काका, आडवं झोपता येतं का?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"काल सकाळधरनं."

"म्हणजे काय झालंय ते तुम्हालाही कळतंय. चला."

"आन् न्हाई आलो तर?"

जॉयने चपला काढल्या आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. "तर मी इथेच बसतो. माझीही पाळी मंगळवारी आहे. मीपण जात नाही."

"येडा हायस का? तुजी आई काय म्हनंल?"

"काय म्हणायचं ते तिला म्हणू दे."

काकासाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं, आजमावून. हा पोरगा बाजारातल्यासारखा भाव करत नाहीये, हे त्यांना दिसलं असावं. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात चहा नव्हता. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. सगळा संसार ज्या माणसाबरोबर केला त्याच्याबद्दल त्यांना आज हे पहिल्यांदा कळलं होतं. पदर खोचून त्या शेजाऱ्याकडे गेल्या आणि जीप घेऊनच आल्या.

त्या दिवशी संध्याकाळी रविवार असूनही क्रिस्टीना सिस्टरने येऊन मशीन लावलं. काकासाहेबांच्या अंगातून चार लिटर पाणी निघालं.

मंगळवारी काकासाहेब पुन्हा खिडकीजवळच्या खाटेवर आले. खेळाचं नाव कुणी काढलं नाही. गुरुवारी सुया लागल्यावर तेच म्हणाले, "मास्तर, ती तुजी विहीर हाय का बुजवली?"

"म्हणाल तर बुजवतो, काका."

"ऱ्हाऊ दे. पन येक ध्यानात धर. माझ्या भावाला तू बोलायला लावायचं न्हाई. त्यो बोलत न्हाई."

"नाही बोलणार. आवाज नाहीच. ते माझं चुकलं होतं, ते मी खोडलंय."

काकासाहेबांनी मान डोलावली. खिडकीबाहेर कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला.

"मंग माझा गडी उतरतो."

शिफा उशीवरून उठायला गेली आणि हात बांधलेला म्हणून परत मागे पडली. "काका, तुमची अट होती ना, तो उतरत नाही?"

"अट माझीच व्हती. वरनं सांगून लई झालं. पन दोर कोन धरनार?"

"मी धरतो," मेहताबचाचा म्हणाले. "हॉटेल आज बंद."

"मी पण," शिफा म्हणाली.

जॉयने ट्रे पुढे केला. शिफाचा फासा तीनवर पडला. दोर तिच्या तळव्यांची सालं काढत सरकला. चाचांनी फासा मुठीत धरून पुटपुटत टाकला. सतरा. दोर थांबला, आणि मग हात हात करून खाली सुटत गेला.

वहीत जॉयचं सगळं लिहून तयार होतं. विहिरीच्या तळाशी काय आहे, कोण आहे, भिंतीवर कुठली चित्रं आहेत, सगळं. त्याने वही मिटली. "काका," तो म्हणाला, "खाली काय आहे? मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

काकासाहेबांनी डोळे मिटले. ते बोलू लागले तेव्हा जॉयच्या ध्यानात आलं की या माणसाने आयुष्यभर विहिरी बघितल्या आहेत आणि आपण एकही धड बघितलेली नाही. वरची माती संपली की मुरूम लागतो, मग तांबडा खडक, मग काळा. काळ्या खडकाचा गारवा अंगाला वेगळा लागतो. सुरुंगाचा वास भिंतीत वर्षानुवर्षं राहतो. चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकं, खाली गेलं की वरचं आभाळ ताटाएवढं दिसतं. तळ कोरडा आहे. दगड पडलेत. एकेक दगड उचलून ते बघताहेत.

ते थांबले. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते. चाचांनी उगाच दोर धरल्यासारखी उजव्या हाताची मूठ आवळली होती.

"कुनी न्हाई," काकासाहेब म्हणाले. "हितं कुनीच न्हाई."

सिस्टर जागच्या जागी थांबली होती.

"येका अंगाला कपार हाय," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. आवाज जरा बदलला होता, कामावरचा झाला होता. "मानूस बसंल येवडी. आतनं गार हवा येतीया. म्हंजी पाणी कुटं तरी हाय. लांब हाय, पन हाय. आता यवडं उतरलोय तर बघावं म्हनतो. येताय का तुमी?"

"येतो की," चाचा म्हणाले.

"थांबा, पाणी सोबत घेऊ," शिफा म्हणाली. "जितकं उचलेल तितकं."

अशी ती तिघं सातपिंपळच्या जमिनीखाली गेली. जॉयच्या वहीत भुयाराचं तोंड दुसऱ्याच एका मुलखात होतं, डोंगरापलीकडे, राजाच्या तळघरात. त्याने ते खोडून विहिरीत आणलं. पुढच्या महिन्यांत त्याने बरंच खोडलं. आता तो सुरुवातीला आधी विचारायचा, आज कुणाला कुठे जायचंय, आणि मगच बोलायला लागायचा. बुडालेलं पहिलं शहर त्यांना दिवाळीच्या सुमारास लागलं. त्यात संत्र्याच्या बागा होत्या, कारण शिफाने त्या तिथे असाव्यात असं म्हटलं होतं.

दिवाळीनंतर एका मंगळवारी काकासाहेब धुतलेले कपडे घालून आले. वजनाच्या काट्यावर उभं राहताना सिस्टरला म्हणाले, वजन जास्त भरेल, परगावी जेवण झालं. सुया लागल्या. जॉयने फासे पुसून ट्रे मांडला, पण त्यांनी हाताने थांब म्हटलं.

"परवा मिरजगावला गेल्तो. भावजयीकडं."

जॉयने ट्रे बाजूला ठेवला.

"सांगितलं समदं. सा मोजले व्हते, सात न्हाई. उतर म्या म्हनलं. आठवा कुनी भरलाच नव्हता."

"काय म्हणाल्या?" शिफाने विचारलं.

"काय न्हाई. उटली, गोठ्यात गेली. लई वेळ आलीच न्हाई. मंग आली आन् ताट वाढलं. माज्याकडं बघितलं न्हाई. जेव म्हनली न्हाई, जेवू नको म्हनली न्हाई. म्या जेवलो." ते थांबले. "माफ केलं का न्हाई मला ठावं न्हाई, मास्तर. इचारलं न्हाई. इचारायचा मला काय हक?"

"आणि कल्याण?"

"त्यानं मोटरसायकलवर स्टँडवर सोडलं. वाटंत येक शबुद न्हाई. मला वाटलं, आता सोडून जाईल. गाडी स्टँडला लावली, उतरला, माझ्या म्होरं हुबा ऱ्हायला. पंचवीस वरसाचा बाप्या गडी. म्हनला, 'तात्या, माझा बाप कसा व्हता?' बेफिकीर व्हता का, तसं न्हाई इचारलं. कसा व्हता. हसायचा कसा, खायचा काय."

"मग?"

"मंग सांगत बसलो," काकासाहेब म्हणाले. "नगरच्या दोन यष्ट्या सोडल्या."